मागचा ब्रेक

"काका, ह्यो पाय बघा. ह्यो झोपला की माणूस झोपला."

निपाणीच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, सकाळचे सव्वासहा. इंजिन अजून सुरू केलेलं नाही. तो गाडीवर बसलाय आणि उजव्या पायाचा चवडा मागच्या ब्रेकच्या पेडलावर ठेवून मला दाखवतोय. दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. व्हीली मारणारा मुलगा आधी हवेत गेलेलं चाक दाखवील, असं धरून मी आलो होतो. त्यानं पाय दाखवला.

वय तेवीस. दिवसभर गॅरेजात काम करतो. नाव लिहायचं नाही एवढीच त्याची अट. गाडी जुनी ड्यूक 200, केए-23 पासिंगची, तिसऱ्या हातातून त्याच्याकडं आलेली. हेडलाइट काढून ठेवलेला. इंजिनाभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा, आणि सीटच्या मागं जमिनीकडं वाकवलेला एक जाड दांडा. गाडी मागं उलटायला लागली तर आधी हा दांडा रस्त्याला टेकतो आणि वरच्या माणसाची पाठ वाचते. डावीकडच्या मुठीशी क्लचच्या लिव्हरखाली दुसरं छोटं लिव्हर बसवलंय. तोही मागचाच ब्रेक, हातानं दाबायचा. पायाला काही झालं तर हात असावा म्हणून. म्हणजे या गाडीत वेगासाठी जेवढं केलंय, त्याहून जास्त थांबण्यासाठी केलंय.

जागा म्हणजे शेत मोडून पाडलेले प्लॉट. निपाणीपासून बेळगावपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना आता असे लेआउट दिसतात. डांबरी अंतर्गत रस्ते, दोन्हीकडं गटारं, नंबर घातलेले सिमेंटचे खुंट, एक कमान. घर एकही नाही. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पडीक. मधला रस्ता चारशे पावलांचा, अगदी सरळ. त्यावर मुलांनी चुन्याच्या दोन रेघा मारल्यात. पहिल्या रेघेच्या आत चाक उचलायचं नाही, दुसरीच्या पुढं उचललेलं ठेवायचं नाही. हा नियम कुणी त्यांना घालून दिलेला नाही. पडून पडून त्यांनी तो स्वतः केलाय.

*

माझं डावं मनगट सरळ होत नाही. 1994 साली मित्राच्या आरएक्स 100 वर मी गाडी उचलायला गेलो होतो. तेव्हा 'व्हीली' हा शब्दही आमच्याकडं फारसा नव्हता. 'गाडी उचलणे' किंवा 'एका चाकावर घेणे' म्हणायचे. यामाहाची ही गाडी भारतात 1985 साली आली. 98 सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन जेमतेम 103 किलो. टू-स्ट्रोक असल्यानं कान पिळला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग सगळं एकदम व्हायचं. तिचं चाक आपोआप हलकं व्हायचं, त्यामुळं आम्हाला वाटायचं की हे आपल्यालाच येतंय.

जुन्या दुपदरी हायवेवर, तवंदीच्या घाटाच्या अलीकडं, मी मूठ पिळली आणि क्लच सोडला. चाक उठलं. उठतच राहिलं. माझे दोन्ही पाय खाली लोंबत होते. उजव्या पायाखाली एक पेडल आहे, ते दाबलं की उठलेलं चाक खाली येतं, हे मला माहीतच नव्हतं. तोपर्यंत चार वर्षं मी गाडी चालवत होतो. मागचा ब्रेक गाडी थांबवतो एवढंच ठाऊक होतं. मी पाठीवर आपटलो, मनगट खाली आलं, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं वेळेवर गाडी बाजूला घेतली म्हणून हा लेख लिहिला जातोय. त्या माणसाचा चेहरा मी पाहिला नाही. तीस वर्षं झाली, त्याची आठवण येते.

म्हणून मी या मुलाच्या पायाकडं पाहतच राहिलो.

*

यात घडतं ते असं. गाडी आणि वरचा माणूस मिळून वजनाचा एक मध्य असतो. साधारण चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या आसपास, दोन्ही चाकांच्या मधे कुठंतरी. मागचं चाक जोरात पुढं ढकललं की हे वजन मागं राहू पाहतं आणि पुढचं चाक हलकं होतं. ढकलणं पुरेसं असेल तर उठतं. आता ते उठत गेलं की वजनाचा मध्यही वर आणि मागं सरकतो, आणि एका क्षणी बरोबर मागचं चाक जिथं रस्त्याला टेकलंय त्याच्या डोक्यावर येतो. तो तोलाचा बिंदू. त्याच्या अलीकडं गाडी पुढं पडू पाहते, पलीकडं गेली की मागं उलटू पाहते. सगळी विद्या या एका बिंदूच्या अलीकडं-पलीकडं झुलत राहण्यात आहे. मूठ किंचित पिळली की चाक वर, ब्रेकला किंचित स्पर्श केला की खाली.

नवख्याचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की चाक जितकं खाली तितकी जोखीम कमी. चाक फूट-दीड फूटच उचललेलं असेल तर ते पडू नये म्हणून सतत वेग वाढवत राहावं लागतं. तीस, पन्नास, सत्तर. इंजिन ओरडायला लागतं, गियर बदलावा लागतो आणि रस्ता संपतो. उलट तोलाच्या बिंदूजवळ गाडी जवळजवळ स्वतःच उभी असते, तिला रेस फार लागत नाही. जाणकार मुलगा सायकलच्या वेगानं जातो, चाक छातीच्या वर आणि मूठ जवळपास मोकळी. बघणाऱ्याला पहिला प्रकार साधा वाटतो आणि दुसरा भयंकर. हायवेवरची बहुतेक पोरं पहिला प्रकार करतात.

तो शिकवतो ते बोटांनी मोजून. पहिला गियर, माणूस जोरात चालेल एवढा वेग. क्लचवर दोनच बोटं. क्लच थोडा ओढायचा, रेस वाढवायची आणि मग, त्याच्या शब्दांत, "क्लच सोडायचा न्हाई काका, निसटू द्यायचा." क्लच ओढलेला असताना इंजिनाच्या आत फिरणाऱ्या वजनात जोर साठतो, तो एकदम चाकाला मिळतो. दोनशे सीसीच्या इंजिनाला नुसत्या पिकअपवर जे जेमतेम जमलं असतं, ते या साठलेल्या जोरावर सहज जमतं.

पहिले काही आठवडे वीतभर. वीतभर उचलायचं आणि लगेच ब्रेक दाबून खाली आणायचं, आपणहून. चाक पडलं म्हणून खाली आलं तर ती फेरी धरायची नाही. मग हातभर. प्रत्येक वेळी ब्रेकनंच उतरवायचं, म्हणजे पायाला सवय होते की वर जाणं म्हणजे आपलं काम सुरू झालं. शेवटी, चाक खाली टेकताना मूठ एकदम मिटायची नाही, थोडी रेस ठेवायची आणि हँडल नाकासमोर सरळ. तिरक्या चाकानं गाडी टेकली तर हँडल दोन्हीकडं थडथडायला लागतं आणि ते दोन हातांच्या ताकदीनं थांबत नाही.

"किती दिवसांत आलं तुला?"

"उचलायला चार दिवस. उतरवायला सात महिने."

*

गाडीला हे सोसत नाही, हेही सांगायला हवं. पुढचं चाक रोज शंभर वेळा आपटलं की फोर्कची ऑइल सील जाते, हँडलाचा कोनसेट खिळखिळा होतो. क्लचप्लेटा जळतात, त्यांचा वास एकदा घेतला की विसरत नाही. चाक फार वेळ वर राहिलं तर इंजिनातलं ऑइल मागं साचतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. ऑइलवाचून इंजिन फिरलं की काय होतं ते मेकॅनिकाला विचारावं लागत नाही. मागच्या स्प्रॉकेटला कंपनी चाळीसच्या घरात दात देते, ही मुलं साठच्या घरातलं बसवतात. टॉप स्पीड मरतो, पण पहिल्या गियरमधे जोर भरपूर येतो आणि गाडी हळू चालते.

हे सगळं करून देणारे हात आपल्याकडंच आहेत, हे मला विशेष वाटलं. बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या यांच्या मधला हा पट्टा लेथ, वेल्डिंग आणि ओतकामाचा आहे. इथं ट्रॅक्टरचा तुटलेला पार्ट दाखवला की संध्याकाळपर्यंत नवा मिळतो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात मी गेलो, तेव्हा पिंजऱ्याचा पाइप वाकवणं चालू होतं. मालक पन्नाशीचे. म्हणाले, "पहिल्यांदा आले तेव्हा हाकलून दिलं. मग विचार केला, हे करणारच. मग पिंजरा तरी मजबूत असू दे." वेल्डिंग झाल्यावर त्यांनी तो दांडा जमिनीला टेकवला, स्वतः वर चढले आणि दोनदा उड्या मारून पाहिल्या.

*

दोन पिढ्यांत गाड्या बदलल्या, आणि शिकवणारा कोण हेही बदललं. आमच्या वेळी गावातला एखादा थोरला असायचा, त्याचं बघून करायचं. 2004 साली 'धूम' आला आणि थिएटरातून बाहेर पडणारी मुलं स्प्लेंडरची मूठ पिळत घरी गेली. जानेवारी 2012 मधे चाकणला बनलेली ड्यूक 200 बाजारात आली. सव्वा लाखाच्या आतबाहेर किंमत, पंचवीस हॉर्सपॉवर. आरएक्सच्या दुपटीहून जास्त ताकद कर्जाच्या हप्त्यावर साखरपट्ट्यातल्या घराघरांत आली. स्लोव्हेनियाचा रोक बागोरोश हा केटीएमचा स्टंट रायडर छोट्या ड्यूकवर काय करतो, ते मुलांनी फोनवर पाहिलं. 2020 नंतर तर तीस सेकंदांचा रील हाच वस्ताद झाला. रीलमधे चाक उठलेलं दिसतं. मागच्या ब्रेकवरचा पाय दिसत नाही, सात महिने दिसत नाहीत, पिंजरा कापून फक्त वरचा भाग दाखवलेला असतो.

खऱ्या शर्यतीत तर चाक उठणं हा तोटाच. उठलेल्या चाकानं वळता येत नाही, आणि वेग वाढवण्याची ताकद चाक वर ठेवण्यातच खर्च होते. 2015 च्या यामाहा आर1 मधे 'लिफ्ट कंट्रोल' आलं, ते पुढचं चाक खाली ठेवण्यासाठीच. कंपनीचे इंजिनिअर जे टाळण्यासाठी सेन्सर बसवतात, तेच मुलं कमावायला बघतात. मला यात वाईट काही दिसत नाही. मल्लखांबानं तरी कुठं पोटाला मिळतं? शरीराला एक अवघड गोष्ट येते, तिचा आनंद वेगळाच असतो. फक्त मल्लखांब हायवेवर रोवत नाहीत.

निपाणीत संध्याकाळी रस्त्याकडेला उभं राहून पाहावं. तंबाखूच्या वखारींतून बायका सुटतात, विड्या वळणाऱ्या बायका पिशव्या घेऊन कडेकडेनं चालतात. सर्व्हिस रोडवरून शाळेच्या सायकली, उसाच्या ट्रॉल्या. आपल्या रस्त्यांवर आधीच माणसं मरतात: 2022 साली देशात अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, त्यातली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली पन्नास हजार. अशा रस्त्यावर जो मुलगा चाक उचलतो, त्याला समोरचा रस्ताच दिसत नसतो. त्याच्या डोळ्यांपुढं स्वतःचा मडगार्ड असतो. पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईनं त्याच्या हौसेत भाग घ्यायचं कबूल केलेलं नाही. इथं माझ्या मनात काहीच दुमत नाही, आणि त्या तेवीस वर्षांच्या मुलाच्याही नाही. हायवेवर व्हीली मारणाऱ्याला तो आपल्यात घेत नाही.

कायद्याची भाषाही आता कडक होत चाललीय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगला पहिल्या खेपेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मुलगा अल्पवयीन असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर बापालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे 2025 मधे कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढं गंगावतीचं एक प्रकरण आलं. एका गाडीवर तिघं, व्हीली, पोलिसांनी अडवल्यावर झटापट. न्यायमूर्ती व्ही. श्रीशानंद यांनी जामीन नाकारला आणि सरकारनं यासाठी कठोर तरतूद करावी असं सांगितलं. कायदा लिहिला तेव्हा दोनचाकी गाडी मागच्या एकाच चाकावर चालवली जाईल हे कुणाच्या मनातही आलं नसेल, असाही एक विचार त्या आदेशात आहे. बेळगाव जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. आदेशाची बातमी त्या मुलांनी वाचली होती. एकानं विचारलं, "काका, मग ह्या लेआउटमधे केलं तर?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. लेआउटचे रस्तेही लोकांसाठी खुलेच असतात.

*

शर्यत आपल्याला परकी नाही. चिकोडी, निपाणी, कागल या पट्ट्यात बैलगाडीची शर्यत म्हटलं की अजून माणसं कामधंदा सोडून जातात. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली त्यावर बंदी घातली. मग 2017 साली महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानं दोघांनीही कायदे केले, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं ते उचलून धरले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांचं फारशा गोष्टींवर एकमत होत नाही, यावर झालं. मैदान कसं हवं, अंतर किती, डॉक्टर कुठं, हे लिहून काढलं गेलं. नऊ वर्षं लोक कोर्टात भांडले, कारण खेळ आपला वाटत होता.

कुस्तीचं तर विचारायलाच नको. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं ते 1912 साली. बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा आहे. गावोगावी तालमी आहेत. तालमीत गेलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. माती उकरायला लावतो. ताक, हळद, तेल घालून ती माती मऊ केलेली असते, कारण पोरगं पडणार हे सगळ्यांना मान्य आहे. आधी पडायचं कसं, मग पाडायचं कसं. रस्त्यावर कुणाला धोबीपछाड मारली तर वस्तादच कानाखाली वाजवतो आणि तालीम बंद करतो.

व्हीलीच्या नशिबी माती नाही, वस्ताद नाही आणि कानाखाली वाजवणाराही नाही. आहेत ते दोघंच: फोनवर टाळ्या वाजवणारे आणि गाडी जप्त करणारे.

जिथं ही विद्या नीट वाढली, तिथं आधी जागा मोकळी केली गेली. इंग्लंडचा डगी लॅम्पकिन 2016 साली आयल ऑफ मॅनच्या शर्यतीच्या रस्त्यावर पूर्ण फेरी एका चाकावर गेला. साठ किलोमीटरच्या वर, दीड तासाहून जास्त, पुढचं चाक एकदाही न टेकवता. अंदाज यावा म्हणून सांगतो: बेळगाव सोडून काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर मागं टाकलं तरी चाक अजून वरच. त्याच्यासाठी रस्ता बंद ठेवला होता. आपल्याच राज्यात, बंगळूरच्या येलहंका हवाईतळावर, 19 नोव्हेंबर 2017 ला सैन्याच्या 'टॉर्नेडोज' पथकानं एका 500 सीसीच्या रॉयल एनफिल्डवर अठ्ठावन्न जवान घेऊन 1200 मीटर गाडी चालवली. मोकळी धावपट्टी आणि आधीचा कित्येक महिन्यांचा सराव. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे, तिथं छोट्या कार्टच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्यात, आठ-दहा वर्षांची पोरं हेल्मेट घालून वेग शिकतात. म्हणजे निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवर हे जमलेलं आहे. एका औद्योगिक वसाहतीचा मोकळा रस्ता, रविवारी सकाळी दोन तास, दोन्ही टोकांना दोर, एक अँब्युलन्स, आणि पहिला महिना फक्त मागचा ब्रेक शिकवणारा एक माणूस. एवढंच लागतं. बेळगाव आणि निपाणीच्या नगरसेवकांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

*

तिसऱ्यांदा गेलो ते दसऱ्याच्या आधीच्या रविवारी. कमानीतून आत शिरलो तर दूर रस्त्यावर खडीचा ढीग. एका प्लॉटवर चुना टाकून पाया आखलेला, कोपऱ्यात नारळ आणि हळदकुंकू. पहिलं घर उठणार होतं. डंपर वळताना खडी पार रस्त्याच्या मध्यापर्यंत सांडली होती, दुसऱ्या रेघेच्या अगदी वर.

चार मुलं होती. तेवीस वर्षांचा तो, त्याचे दोन सोबती, आणि एक नवा, अठरा पूर्ण झालेला, लायसन खिशात घेऊन आलेला. याला त्यानं आधी अर्धा तास बंद गाडीवर बसवून ठेवलं होतं. पेडल दाब, सोड, दाब.

"आता कुठं जाणार?" मी विचारलं.

"घर बांधणारे काका बरे हायत. म्हणाले, स्लॅब पडंपर्यंत या सकाळी, मग न्हाई." त्यानं हायवेच्या दिशेनं पाहिलं नाही, हे मी पाहिलं.

त्यांनी उसाच्या बांधाशी खराट्यांची एक जोडी लपवून ठेवलेली होती. दोघांनी ती काढली आणि रस्ता झाडायला घेतला. बारीक खडी गटाराकडं, मोठी हातानं उचलून पुन्हा ढिगावर, मालकाचं नुकसान नको म्हणून. मीही वाकलो, मनगट दुखलं, पण जमलं. नवा पोरगा तेवढ्यात गाडीवरून उतरून मदतीला येऊ लागला, तर त्यानं खराटा वर करून त्याला जागीच थांबवलं.

"तू बस तिथंच. पाय कुठाय तुझा?"

पोरानं खाली पाहिलं आणि चवडा पेडलावर ठेवला.

खडीखालून चुन्याची दुसरी रेघ निघाली, मधेच पुसलेली. खिशातल्या पुडीतून चिमूटभर चुना घेऊन त्यानं ती जोडली, आणि हेल्मेट उचललं.